पडद्यावर दिसलेली घरे

आम्ही दोघे नवरा-बायको नोकरी करतो. आमच्यातला एक विमा कंपनीच्या दावे विभागात आहे, ऑफिस शिवाजीनगरला. आमच्यातली एक हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. घर कोंढव्याला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात अम्मी, म्हणजे एकाची आई आणि एकीची सासू, आणि दोन मुले. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही'. कुठली चूक कोणाची हे वाचकांनी फार शोधू नये. बहुतेक ठिकाणी ती दोघांची आहे.

सुरुवात एका टोपणनावापासून करावी लागेल.

विम्याच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी होते. तोंडावर सगळे त्यांना अण्णा म्हणत आणि पाठीमागे 'साडेपाच'. संध्याकाळचे साडेपाच वाजले की अण्णा ड्रॉवरला कुलूप लावत, डब्याची पिशवी खांद्याला अडकवत आणि कोणाकडे न बघता जिना उतरत. समोर फाइल उघडी असो की साहेब बोलत असोत, अण्णांचे पाय दाराकडे वळलेच. रोजची आढावा बैठक सात वाजता असे. त्या बैठकीत अण्णांची खुर्ची रिकामी, आणि त्यांच्या अर्धवट राहिलेल्या फाइली आमच्या टेबलावर. चिडायला कारण होते, ते नाकारत नाही. पण 'साडेपाच' हे नाव ठेवले ते आम्हीच. चहाच्या टपरीवर एकदा गमतीने म्हटले, लोक हसले आणि नाव चिकटले. पुढे सहा वर्षे ते चालले. अण्णा रोज एवढ्या घाईने कुठे जातात हे त्या सहा वर्षांत एकालाही विचारावेसे वाटले नाही. बाहेर शिकवण्या घेत असतील, बायकोला घाबरत असतील, अशी उत्तरे मात्र सगळ्यांकडे तयार होती.

आता दुसऱ्या ऑफिसची गोष्ट. २०१९ च्या पावसाळ्यात अम्मी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. त्यांना उठवणे, बसवणे, वॉकर धरून चार पावले चालवणे हे सगळे सुनेनेच करावे, मुलाने नाही, हा अम्मींचा हट्ट. लाजेचा प्रश्न होता, त्यात वाद घालण्यासारखे काही नव्हते. म्हणून हिंजवडीच्या ऑफिसात अर्ज केला, तीन आठवडे घरून काम करू द्या. परवानगी मिळाली, पण उपकार केल्यासारखी. रोज सकाळी कोणी तरी विचारायचे, "काय मॅडम, सुट्टी कशी चालली आहे?" लॅपटॉपवर नावापुढे हिरवा ठिपका असतो, काही वेळ कळ दाबली नाही की तो पिवळा होतो. पिवळा झाला की पाच मिनिटांत फोन. अम्मींना संडासला नेतानाही मोबाइल ओढणीच्या टोकाला बांधून बरोबर न्यावा लागे. त्या तीन आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त काम झाले आणि तरी वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'उपलब्धता' या रकान्यात गुण कमी पडले.

"लोकांना दुसऱ्याचे घर असते हे कळतच कसे नाही?" असे आमच्यातला एक त्या दिवशी जेवताना तावातावाने म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने ऑफिसात कोणाला तरी "साडेपाच गेले का रे?" असे विचारले असणार. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदत होत्या.

घरून काम ही कल्पना तशी जुनी. १९७३ मध्ये जॅक निलेस या अमेरिकी माणसाने तिला इंग्रजीत नाव दिले. माणसांना कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसांकडे न्यावे, म्हणजे रस्त्यावरची गर्दी कमी होईल, हा त्याचा हिशेब. आपल्याकडे २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. प्रसूतीच्या रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालक-कर्मचारी दोघांची संमती असेल तर घरून काम करता येईल, अशी सोय तिच्यात आली. पण कायद्यात सोय असणे वेगळे आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या मनात ती असणे वेगळे.

चीनमध्ये शांघायला सीट्रिप नावाच्या प्रवास कंपनीत २०१० च्या अखेरीस एक प्रयोग झाला. इच्छुकांपैकी निम्म्यांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले, बाकीचे ऑफिसातच राहिले. घरी बसलेल्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. हा आकडा नेहमी सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. कामाच्या मानाने बढत्या बघितल्या तर घरी बसलेले मागे पडले होते. साहेबांच्या नजरेआड गेले की साहेबांच्या मनाआडही गेले. शिवाय प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ऑफिसात परत येणे पसंत केले, कारण एकटेपणा. आम्हाला हे वाचून २०१९ चे तीन आठवडे आठवले. एकटा माणूस घरी बसला की तो संशयित ठरतो. सगळेच घरी बसले तर काय होते, हे पाहायला एक महामारी यावी लागली.

२०१७ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानहून एक प्राध्यापक बीबीसीला घरून मुलाखत देत होते. मागचे दार उघडून त्यांची चिमुरडी नाचत आत आली, मागोमाग पांगुळगाड्यातले बाळ आले आणि मग त्यांना ओढून न्यायला धावत आलेली आई. सारे जग हसले. आम्हीही मोबाइलवर ती चित्रफीत दहा जणांना पाठवली होती. तीन वर्षांनी तेच दार आमच्या घरात उघडले, आणि साहेबांच्याही.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. आठवडाभरात दोन्ही ऑफिसांनी लॅपटॉप घरी पाठवले. एक स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला, एक पलंगावर इस्त्रीचे टेबल ठेवून. पुढे मुलांची शाळा मोबाइलवर सुरू झाली, तेव्हा एक मोबाइल आणि दोन वर्ग अशी वाटणी. कुकरची शिट्टी, कबुतरे, वरच्या मजल्यावरचा ड्रिल, सगळे मीटिंगमध्ये हजर.

पहिला राग आला तो अम्मींना. एका सकाळी त्या नेहमीप्रमाणे डोक्यावर ओढणी न घेता, हातात चहाचा कप घेऊन मागून गेल्या आणि स्क्रीनवर अकरा चेहरे त्यांच्याकडे बघत आहेत हे त्यांच्या लक्षात आले. त्या तिथेच थबकल्या. नंतर म्हणाल्या, "मेरे घर में इत्ते लोगां बिना पूछे कैसे आए?"

आम्हाला आधी हसू आले, मग विचार पडला. सूरह नूरमध्ये परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये ही शिकवण आहे. लहानपणी दारावरची कडी वाजवून बाहेर बाजूला उभे राहायला आम्हाला अम्मींनीच शिकवले होते. आणि इथे रोज सकाळी नऊ वाजता एक बटण दाबले की अकरा जण थेट आतल्या खोलीत. आमचे काय, त्या अकरा जणांच्या घरातही तसेच. मग दोरी बांधून चादरीचा पडदा केला आणि अम्मींचे समाधान झाले.

सगळ्यांना मात्र पडदा बांधण्याइतकी जागाही नव्हती. हिंजवडीच्या टीममध्ये बीडकडचा एक तरुण होता. खोली सोडून तो गावी गेला होता. दोन महिने त्याचा कॅमेरा बंद. "झोपलेला असतो हो," असे एकीने म्हटले आणि बाकीच्यांनी मान डोलावली. ज्या बाईला वर्षभरापूर्वी पिवळ्या ठिपक्याने छळले होते तिनेही डोलावली. जूनमध्ये एकदा त्याच्याकडून चुकून कॅमेरा चालू झाला. तो पाण्याच्या टाकीवर बसला होता. एका हातात छत्री, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपवर प्लास्टिकची पिशवी कापून केलेले छप्पर. नेट फक्त तिथेच मिळत होते. घाईघाईने त्याने कॅमेरा बंद केला आणि माफी मागितली. कशाबद्दल माफी, हे कोणाला कळले नाही. त्यानंतर आमच्या टीमलीडने दोन गोष्टी केल्या. कॅमेऱ्याची सक्ती काढली, आणि पाऊस असेल त्या दिवशी त्याने फक्त लिहून कळवावे असे ठरवले.

त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. एरवी आमच्यातल्या एकीचा रोजा कंपनीच्या बसमध्ये सुटायचा, वाहतुकीच्या कोंडीत, पर्समधल्या खजुरावर. आता घरी होतो, पण अमेरिकेच्या वेळेमुळे संध्याकाळी साडेसहाला मीटिंग असे. मगरिबची अझान झाली की आम्ही चटकन माइक बंद करायचो, एका हाताने खजूर तोंडात आणि दुसऱ्या हाताने टायपिंग. चौथ्या दिवशी टीमलीड म्हणाली, "तुमची वेळ झाली ना? आम्ही पंधरा मिनिटे थांबतो. तुम्ही नीट जेवून या." तिला कसे कळले? ती म्हणाली, रोज त्याच मिनिटाला तुमचा माइक बंद होतो. संकष्टीला मीही चंद्र उगवायची वाट बघत असते, शेवटचा अर्धा तास कसा जातो ते मला ठाऊक आहे. पुढच्या वर्षी रमजान लागायच्या आधीच तिने मीटिंग पुढे सरकवली होती. पाच वर्षे एकाच मजल्यावर बसून हा विषय कधी निघाला नव्हता. उपवास दोघींचेही चालूच होते.

हे सगळे इतके गोड नव्हते. त्याच एप्रिलमधली एक गोष्ट सांगायलाच हवी.

दिल्लीच्या निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली आणि टीव्हीवर जे सुरू झाले ते वाचकांना आठवत असेल. हिंजवडीच्या टीमचा एक व्हॉट्सअॅप गट होता, वाढदिवस आणि पाककृतींसाठी. तिथे एक संदेश आला, हे लोक मुद्दाम रोग पसरवत आहेत अशा आशयाचा. पाठवणारी परकी नव्हती. वयाने मोठी, जिला आम्ही ताई म्हणतो, जिच्या हातचे लोणचे आमच्या घरी येत असे, तीच. गटात कोणी काही बोलले नाही. आम्हीही नाही. गट सोडावा असे रोज वाटायचे, पण सोडला तर तोही एक संदेशच झाला असता. आमचा भाग तेव्हा सील होता. अम्मींना दमा आहे. मीटिंग चालू असताना त्या आत खोकल्या की आमच्या अंगावर काटा यायचा. आजाराचा नव्हे. खोकला पलीकडे ऐकू गेला असेल तर काय, याचा. आमच्यातला एक जाऊन आतले दार लावून घ्यायचा आणि अम्मी तोंडावर ओढणी दाबून खोकला गिळायच्या. स्वतःच्या घरात.

एका रात्री ताईंचा फोन आला. आम्ही तो तीनदा वाजू दिला. ताई म्हणाल्या, "आईंचा खोकला ऐकला दुपारी. दमाच ना त्यांचा? पंप संपत आला असेल तर सांग. तुमच्याकडे दुकाने बंद आहेत म्हणे. माझा भाचा पोलिसांत आहे, पोहोचवेल." पंप खरोखरच संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकावर दोन पंप पोहोचले.

तो संदेश ताईंनी काढला नाही. त्याबद्दल माफी मागितली नाही, विषयही काढला नाही. तसे पुन्हा काही पाठवले नाही, एवढेच. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असे म्हटले. ती बातमी गटात कोणी टाकली नाही. आम्हीही टाकली नाही. ताईंच्या मनात दोन गोष्टी शेजारी-शेजारी राहत असतील का, जशा आमच्या मनात अण्णांविषयी राहत होत्या? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी अजून नाही. पण अम्मींचा खोकला ताईंना माइकमधून ऐकू आला नसता, तर त्या रात्री फोन आला नसता, हे नक्की.

आता अण्णांकडे येतो.

विम्याच्या ऑफिसची सातची बैठक आता स्क्रीनवर होऊ लागली आणि अण्णा पहिल्यांदाच तिला हजर राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते एका दाव्याची कागदपत्रे वाचून दाखवत असताना मागून एक मोठा मुलगा आला. चांगला उंच, दाढी आलेला. त्याने अण्णांच्या खांद्यावर डोके ठेवले आणि मोठ्याने काही तरी गुणगुणू लागला. साहेब वैतागून म्हणाले, "कोण आहे ते? आवाज बंद करा." अण्णा वाचायचे थांबले. अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, माझा मुलगा आहे. वय चोवीस, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. त्याची आई नर्स आहे, ती कोविड वॉर्डात आहे. मी दिसलो नाही की तो घाबरतो. तो इथेच बसेल." आणि एका हाताने मुलाच्या केसांतून बोटे फिरवत त्यांनी पुढची रक्कम वाचली.

हळूहळू बाकीचे कळले. मुलगा दिवसभर एका कार्यशाळेत असायचा. तिथली गाडी त्याला सव्वासहाला घरापाशी सोडायची. आईची दुसरी पाळी, दुपारी निघून रात्री परतायची. सव्वासहाला दार उघडायला अण्णांशिवाय कोणी नव्हते. शिवाजीनगरहून धायरीला पोहोचायला त्यांच्याकडे पाऊण तास होता, एकही मिनिट जास्त नाही. रोज, सहा वर्षे. त्याच्या आधीची वर्षे वेगळीच.

त्या रात्री आमच्यातला एक नीट जेवला नाही. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे, हे मुलांना आम्ही दीनियातच्या पुस्तकातून शिकवतो. दुसऱ्याचे नाव पाडू नये, हेही तिथेच आहे. आम्ही दोन्ही केले होते, आणि वर हसलो होतो.

साहेबांनाही काही तरी लागले असावे. महिनाभरात ते बैठकीच्या सुरुवातीला विचारू लागले, "काय रे बाळा, जेवलास का?" मुलगा हात हलवायचा. त्याला अम्मी आवडू लागल्या. अम्मी चादरीच्या पडद्याआडून तोंड काढून "सलाम बेटा" म्हणायच्या आणि तो "सलाम, सलाम" म्हणत टाळ्या वाजवायचा. जुलैमध्ये साहेबांनी बैठक सातवरून तीनवर आणली. कारण सांगितले की सगळ्यांनाच सोयीचे आहे. खरेच होते ते. सातची बैठक कोणालाच सोयीची नव्हती, पण इतकी वर्षे ते बोलायची कोणाची टाप नव्हती.

थोडे आमच्या घरातलेही सांगतो. बारा वर्षांच्या संसारात आमच्यातल्या एकाला पहिल्यांदा कळले की दुसरी ऑफिसात किती हसते, आणि किती वेळा तिचे वाक्य अर्धवट तोडले जाते. दुसरीला कळले की दावा नाकारला गेलेल्या माणसाचे रडणे फोनवर ऐकून हा माणूस संध्याकाळी गप्प का असतो. आधी तिला वाटायचे की भाजी आवडली नाही.

पण नजर पोहोचली ती फक्त ज्यांच्याकडे लॅपटॉप होता त्यांच्यापर्यंत. शिवाजीनगरच्या ऑफिसात टेबले पुसणाऱ्या मावशी होत्या. कंत्राटावर. चहा देतानाच कळायचे त्यांना, आज कोणाचे डोके दुखते आहे. त्यांचे घर कुठल्याही स्क्रीनवर आले नाही. टाळेबंदीत त्यांचे काय झाले असेल, हे आम्हाला सुचले ते रमजानच्या शेवटी, फित्र्याचा हिशेब करताना. फोन करावा म्हटले, तर नंबर नव्हता. नाव विचारले तर ऑफिसात कोणालाच पूर्ण नाव माहीत नव्हते. ऑफिस उघडले तेव्हा दुसऱ्याच मावशी होत्या.

आणखी एक. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम सुरू झाल्यावर माणसे आपापल्या गटात जास्त बांधली गेली आणि गटाबाहेरच्यांशी संबंध कमी झाले, असे त्यात दिसले. आमचाही अनुभव काहीसा असाच. जे अकरा चेहरे रोज दिसत ते जवळ आले, बाराव्याचा विसर पडला. २०२१ च्या एप्रिलमध्ये विभागातल्या एका मुलीचे वडील कोविडने गेले. तिसऱ्या दिवशी ती स्क्रीनवर हजर, फाइली उरल्या आहेत म्हणून. आम्ही नऊ जणांनी कोणी न सांगता तिच्या फाइली वाटून घेतल्या. जुन्या ऑफिसात हे झाले नसते. पण जुन्या ऑफिसात कोणी तरी तिच्या शेजारी जाऊन बसले असते. नऊ चौकोनांतून आम्ही तिच्याकडे बघत राहिलो आणि शेवटी साहेब म्हणाले, "बाळ, आता लॅपटॉप मिट."

२०२२ मध्ये विम्याचे ऑफिस पूर्ण उघडले. हिंजवडीला आठवड्यातले तीन दिवस जायचे ठरले. शिवाजीनगरला साहेब बदलले. नव्या साहेबांनी आल्या आल्या बैठक संध्याकाळी साडेसहाला ठेवली, त्यांच्या पूर्वीच्या शाखेत तशीच असे. अण्णांनी मान खाली घातली आणि काही बोलले नाहीत. नव्या साहेबांनी अण्णांचे घर पाहिले नव्हते, त्यांचा दोष नाही. आम्ही पाहिले होते. आमच्यातला एक उठून म्हणाला, "साहेब, तीनला घेऊ या. आमच्यापैकी काहींना संध्याकाळी घरी माणसे आहेत." मागच्या रांगेतून ती वडील गेलेली मुलगी म्हणाली, "हो सर, मलाही." मग आणखी दोघे बोलले. बैठक चारला ठरली. महिन्यातून दोनदा अजूनही साडेसहाला असते.

गेल्या मार्चअखेरीस अण्णा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, समोसे. भाषणात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, घड्याळाकडे बघितले आणि हसून म्हणाले, "चला, साडेपाच निघाले."

खोलीत कोणी हसले नाही. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. आमच्यातला एक जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेला. "अण्णा, ते नाव..." एवढेच बोलता आले. अण्णा म्हणाले, "अरे, घाईत आहे. गाडी यायची वेळ झाली." दोन पायऱ्या उतरून ते परत वळले आणि म्हणाले, "घरी ये ना एकदा. सगळे या. तो तुझ्या आईंना विचारत असतो."

तीन वर्षे ती भिंत आम्ही रोज पाहिली आहे, तिच्यावरचे कालनिर्णय, कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची खुर्ची. घरात मात्र अजून पाऊल टाकलेले नाही. मुलांच्या परीक्षा, मग अम्मींचे गुडघे, मग पाऊस. आता या रविवारचे ठरले आहे. अम्मींनी शेवया भाजून डब्यात भरून ठेवल्या आहेत आणि दर दोन तासांनी विचारत आहेत, त्या बच्च्याला गोड चालते ना, ते फोन करून आधी विचारून घ्या.